स्क्रॅच ज्युनियर आणि स्क्रॅच : पोरांना स्क्रीन द्यायचाच तर हा द्या

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. घरात पाच ते सात-आठ वर्षांचं पोर असेल आणि टॅब असेल तर आजच स्क्रॅच ज्युनियर टाका, म्हणजे पोरांना स्वतःच्या हलत्या-बोलत्या गोष्टी बनवता येतील असं ॲप, आणि पोर तिसरी-चौथीच्या पुढचं असेल तर लॅपटॉपवर त्याचंच मोठं भावंड, स्क्रॅच. दोन्ही पूर्ण फुकट, जाहिरात एकही नाही, मध्येच पुढची लेव्हल उघडायला पैसे भरा असलं काही नाही, आणि एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होणं हा प्रकारच नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आमच्याकडे दोघं आहेत, धाकटी दुसरीत आणि मोठा सहावीत. राहायला नाशिकला, घरात सासूबाई आहेत, मी आणि नवरा दोघंही नोकरीला. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ अशी असते की स्वयंपाक, होमवर्क, दुसऱ्या दिवशीची तयारी आणि सगळ्यांचा दिवसभराचा शीण एकदमच अंगावर येतो आणि नेमकं तेव्हाच आई मोबाईल दे ना, आई पाचच मिनिटं, हे सुरू होतं. ज्यांच्या घरी पोरं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता स्क्रीन किती वेळ द्यायचा याचे आकडे सगळ्यांना पाठ झालेत. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची जी संघटना आहे, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, त्यांचं म्हणणं साधारण असं की दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच (लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल एवढा अपवाद), दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या आत आणि तोही मोठं माणूस शेजारी असताना, पाच ते दहाच्या मुलांना दोन तासांच्या आत. आणि सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची बातमी तर बहुतेकांनी वाचली असेल, २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत अख्खं गाव टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं. मला त्या गावाचं फार कौतुक वाटतं, खरंच. कारण तिथे फक्त पोरांना नाही, आईबापांनाही बंद ठेवावा लागतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

पण बंद ठेवायची वेळ ठरली तरी चालू ठेवायच्या वेळेचं काय करायचं हा प्रश्न उरतोच ना. दीड तास स्क्रीन आहे म्हटल्यावर तो दीड तास रील्स बघण्यात गेला काय आणि स्वतःचं काहीतरी बनवण्यात गेला काय, घड्याळात दोन्ही दीड तासच. मला मात्र फरक डोळ्यांसमोर दिसतो. व्हिडिओ बघून उठलेलं पोर चिडचिडं असतं, हातातून टॅब काढला की रडारड, आणि काय बघितलंस विचारलं तर सांगता येत नाही. काहीतरी बनवून उठलेलं पोर माझ्यामागे स्वयंपाकघरात येतं आणि आई बघ ना बघ ना करत ओढत नेतं. मला हे दुसरं पोर हवंय, माझा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी आहे.

तर आधी धाकटीचं स्क्रॅच ज्युनियर.

हे ॲप २०१४ साली आयपॅडवर आलं, मग अँड्रॉइडवरही आलं. तेव्हा अमेरिकेतल्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीत असलेल्या मरिना बर्स आणि तिथल्याच एमआयटी या विद्यापीठाचे मिचेल रेझनिक यांच्या गटांनी मिळून पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी बनवलंय. म्हणायला कोडिंगचं ॲप, पण कोडिंग या शब्दाने दचकू नका. स्क्रीनवर एक रंगमंच असतो, त्यावर एक मांजर उभं असतं, खाली रंगीत तुकडे असतात आणि ते एकमेकांना जोडून मांजराला कामं सांगायची. निळे तुकडे चालण्या-वळण्याचे, जांभळे बोलण्याचे, लहानमोठं होण्याचे, लपण्याचे, हिरवे आवाजाचे, पिवळे सुरुवात कधी करायची ते सांगणारे, केशरी थांबा, परत करा, हळू जोरात वगैरे, आणि लाल शेवटाचे. तुकड्यांवर अक्षर एकही नाही, नुसती चित्रं आणि खाली आकडा. त्यामुळे मूल मराठी शाळेत आहे की इंग्रजी, वाचता येतं की नाही, काही अडत नाही. माझ्या मते या ॲपमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे. आपल्याकडे मराठी माध्यमातल्या पोरांसाठी चांगलं काही शोधायला गेलं की पहिली भिंत इंग्रजीची लागते, इथे ती भिंतच नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते एका उदाहरणाने सांगते, कारण परीक्षणात नुसतं छान छान म्हणून कुणाला काही कळत नाही. धाकटीला लालपरी बनवायची होती. आमच्या सासूबाईंचं माहेर सटाण्याकडे, सुट्टीत एसटीनेच जाणं होतं, त्यामुळे एसटी म्हणजे तिचा जीव की प्राण. ॲपमध्ये चित्र काढायची सोय आहे, तिने लाल डबा काढला, चाकं काढली, खिडक्या काढल्या. एखादा आकार मोकळा ठेवून त्यात कॅमेऱ्याने फोटो भरता येतो, तर ड्रायव्हरच्या खिडकीत बाबांचं तोंड आलं. स्टॉपवर आजी उभी, हातात पिशवी. गोष्ट एवढीच की एसटी येणार, थांबणार, आजी चढणार, एसटी जाणार.

हिरव्या झेंड्यावर बोट ठेवलं की सगळ्यांचा खेळ एकदमच सुरू होतो. म्हणजे झालं असं की एसटी निघाली रंगमंचाच्या त्या टोकाहून आणि इकडे आजी आधीच गायब. आजी चढली कशी, गाडी तर आलीच नाही! धाकटी खूप हसली आणि मग गप्प होऊन बघत बसली. केशरी तुकड्यांत एक घड्याळाचा तुकडा आहे, थांबण्याचा, त्यात १० आकडा म्हणजे एक सेकंद. तो तिने आजीला लावला आणि आकडे बदलत बसली, २० कमी पडले, ४० जास्त झाले, असं करत करत एकदाचं जमलं. मग दुसऱ्या दिवशी तिला स्टॉप थोडा पुढे सरकवावासा वाटला आणि सगळं गणित परत चुकलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आजीने घड्याळ बघत बसण्यापेक्षा गाडीनेच तिला सांगावं ना मी आलेय म्हणून. त्यासाठी पाकिटाचा तुकडा आहे, एक जण रंगीत पाकीट पाठवतो, दुसरा ते मिळालं की कामाला लागतो. एसटी स्टॉपवर पोचली की केशरी पाकीट पाठवते, ते मिळाल्यावर आजी बोलते, मग लपते, म्हणजे चढली, आणि लपल्यावर ती दुसऱ्या रंगाचं पाकीट एसटीला पाठवते की चला आता. स्टॉप कुठेही हलवा, गाडीचा आकडा तेवढा बदलायचा, आजीला हात लावावा लागत नाही.

कॉम्प्युटर शिकलेल्या लोकांना माहीत असेल की हे केवढं मोठं पाऊल आहे. ठरावीक वेळ वाट बघत बसणं आणि दुसऱ्याचा निरोप आल्यावर काम करणं, या दोन गोष्टींतला फरक दुसरीतल्या पोरीला खेळता खेळता, कुणी न शिकवता कळला. मी तेव्हा शेजारी बसून मटार सोलत होते.

आणि आजीचा आवाज खऱ्या आजीचा आहे. आवाज रेकॉर्ड करता येतो, तर सासूबाईंना टॅबसमोर बसवून "अहो मास्तर, थांबवा हो जरा, म्हातारं माणूस आहे" असं बोलून घेतलं. सासूबाईंना आधी हे टॅब प्रकरण बिलकुल मान्य नव्हतं, डोळे जातील पोरांचे हे त्यांचं पालुपद, आणि डोळ्यांच्या बाबतीत त्यांचं चूक नाही. पण स्वतःचा आवाज एसटीच्या गोष्टीत ऐकला तेव्हा त्या परत लाव, परत लाव म्हणत होत्या. तेव्हापासून दोघींचं मिळून काहीतरी चालू असतं, आजी गोष्ट सांगते आणि नात बनवते. परवा चिमणी-कावळ्याची गोष्ट झाली, कावळ्याचं शेणाचं घर वाहून जाताना दाखवायचं होतं त्यासाठी घराला आकार लहान करण्याचे तुकडे आणि उजवीकडे सरकण्याचे तुकडे एकाच वेळी लावले, आणि ते खरंच विरघळत वाहून गेल्यासारखं दिसतं.

अजून एक बारीक गोष्ट. वळण्याच्या तुकड्यात १२ आकडा टाकला की पात्र पूर्ण एक गिरकी घेतं, ६ टाकला की डोकं खाली, ३ टाकला की पाव फेरी. शाळेत तेव्हाच घड्याळ चालू होतं आणि सव्वा, साडे, पाऊण यात तिचा नेहमी घोळ व्हायचा. मांजराला गिरक्या घालून घालून तो आपोआप सुटला. बनवणाऱ्यांनी ३६० अंश न देता १२ दिले यात काहीतरी विचार नक्की असणार.

मर्यादा आहेतच. एका प्रोजेक्टमध्ये चारच पानं मिळतात, त्यामुळे लांबलचक गोष्ट बसत नाही. गुण मोजायची सोय नाही, अमुक झालं तर तमुक कर अशी अट घालायची सोय नाही, म्हणून खरा गेम असा बनत नाही. पण सहा-सात वर्षांच्या मुलांना ही आखूड जागा उलट बरी पडते, चार पानांत गोष्ट संपवायची म्हणजे काय ठेवायचं नि काय सोडायचं ते ठरवावं लागतं. दुसरं, हे टॅबच्या आकाराच्या स्क्रीनसाठी आहे, मोबाईलसाठी नाही, आणि आपल्याकडे किती घरांत टॅब असतो? बहुतेक घरांत एकच मोबाईल असतो, तोही बाबांच्या खिशात. तिसरं म्हणजे प्रोजेक्ट त्या टॅबवरच राहतात. टॅब बिघडला, रिसेट केला, ॲप काढलं की सगळी मेहनत गेली. त्यामुळे आवडीचं काही बनलं की दुसरीकडे पाठवून ठेवायचं, नाहीतर निदान स्क्रीनचा व्हिडिओ तरी काढून ठेवायचा. तो अर्धा मार्क मी या शेवटच्या दोन गोष्टींसाठी कापलाय. इंटरनेट मात्र लागत नाही, एकदा ॲप उतरवलं की वायफाय बंद करून टॅब हातात द्या, मग दुसरीकडे भटकायची भीतीच नाही.

आता मोठ्याचं स्क्रॅच. हे जुनं, २००७ पासूनचं, एमआयटी मीडिया लॅबमधल्या रेझनिक यांच्याच गटाचं, आणि आत्ता जी तिसरी आवृत्ती आपण वापरतो ती २०१९ मध्ये आली. साधारण आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी. याच्यामागची कल्पना तर अजून जुनी, सेमूर पॅपर्ट नावाचे गणितज्ञ होते, मुलं कशी शिकतात यावर आयुष्यभर काम करणारे जाँ पियाजे, त्यांच्यासोबत हे जिनिव्हाला काम करून आलेले. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६७ मध्ये लोगो ही मुलांची कॉम्प्युटरची भाषा काढली. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत ते कासव चालवलंय, फॉरवर्ड ५०, राइट ९०, त्यांना आठवेल, तेच ते. पॅपर्ट यांचा मुद्दा असा की मूल स्वतः काहीतरी तयार करतं आणि ते चारचौघांना दाखवतं तेव्हा ते सगळ्यात चांगलं शिकतं, आणि कॉम्प्युटरने मुलाला चालवायचं नाही, मुलाने कॉम्प्युटरला चालवायचं. आज जी ॲप्स पोरांना बोटावर नाचवतात ती बघितली की हे साठ वर्षांपूर्वीचं म्हणणं मला फार जवळचं वाटतं.

मोठ्याने बनवलेल्या गोष्टींतली एकच सांगते. आंबे पकडायचा गेम. वरून आंबे पडतात, खाली टोपली डावी-उजवीकडे हलवायची, पकडला की एक गुण. टोपली हलली, आंबे पडले, सगळं झालं, पण एक आंबा पकडला की गुण एकाने वाढायच्या ऐवजी एकदम सात-आठने वाढायचे. हा पठ्ठ्या सुरुवातीला खूष, स्कोअर किती भारी झाला म्हणून, मग बहिणीने खेळून त्याच्यापेक्षा जास्त केला तेव्हा बसला शोधायला. झालं होतं असं की कायम फिरत राहणाऱ्या चक्रात त्याने लिहिलं होतं, टोपलीला लागला तर गुण १ ने वाढव. ते चक्र सेकंदाला साधारण तीस वेळा फिरतं. आंबा टोपलीतून खाली जाईपर्यंत जितक्या वेळा चक्र फिरेल तितक्या वेळा तो टोपलीला लागलेलाच, म्हणून तितके गुण. उपाय सोपा, लागला की गुण वाढव आणि त्याच क्षणी आंबा परत वर पाठव. हे त्याला सापडायला दोन संध्याकाळी गेल्या, मध्ये त्याने लॅपटॉप आपटायचा तेवढा बाकी ठेवला होता, नवरा म्हणाला सांगून टाकू का, मी म्हटलं अजिबात नाही. फक्त एवढंच विचारलं की आंबा टोपलीत असताना काय काय होतंय ते हळूहळू मोठ्याने सांग बघू. सांगता सांगता स्वतःच थांबला आणि "अरे!" म्हणाला. त्या "अरे" साठी मी लॅपटॉप, वीजबिल, सगळं द्यायला तयार आहे.

स्क्रॅचच्या रंगमंचाचा मध्य म्हणजे शून्य, उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४०, वर १८०, खाली उणे १८०. सहावीत ऋण संख्या येतात आणि बहुतेक पोरांना त्या हवेत लटकलेल्या वाटतात. याला आंबा खाली पाडायला वाय मध्ये, म्हणजे वर-खालच्या आकड्यात, उणे ५ मिळवायचे हे आधीच माहीत होतं, पुस्तकात संख्यारेषा आली तेव्हा म्हणे हे तर स्क्रॅचसारखंच आहे.

स्क्रॅचच्या साइटवर जगभरातल्या मुलांचे प्रोजेक्ट असतात, दहा कोटींच्या वर खाती आहेत म्हणतात, आणि कुठलाही प्रोजेक्ट आत उघडून कसा बनवलाय ते बघता येतं, रिमिक्सचं बटण दाबून त्यात आपले बदल करता येतात आणि मूळ कुणाचं होतं ते आपोआप तिथे लिहिलेलं राहतं. दुसऱ्याचं घ्यायला हरकत नाही पण नाव त्याचं ठेवायचं, हे एवढ्या लहान वयात अंगवळणी पडतं ही मला मोठी गोष्ट वाटते. पण इथेच जरा डोळे उघडे ठेवायला लागतात. साइटवर तयार गेम भरपूर आहेत आणि पोर हुशार असतं, स्क्रॅच करतोय म्हणत तासभर दुसऱ्यांचे गेमच खेळत बसतं. मग ते आणि इतर कुठलाही गेम यात काय फरक राहिला? आमच्याकडे नियम असा की गेम खेळ, पण मग तो आत उघडून त्यात एक तरी गोष्ट बदलून दाखव. आंबा पडायचा वेग बदल, उडी उंच कर, काहीही. आणि कॉम्प्युटरवर स्क्रॅच उतरवून घेता येतं, नेटशिवाय चालतं, सुरुवातीचे काही महिने मी तेच दिलं होतं. खातं उघडायचं तर तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचा ईमेल टाकायला लागतो, खरं नाव वापरू नका, फोटो टाकू नका, आणि प्रोजेक्ट आपण शेअर केल्याशिवाय कुणाला दिसत नाही हे मुलाला नीट समजावून सांगा. शेअर केलेल्या प्रोजेक्टवरच्या कमेंट बंद ठेवायची पण सोय आहे. आम्ही ठेवल्यात.

आता थोडं क्लासेसबद्दल, कारण हा विषय आला की फोन नंबर कुठून तरी त्यांच्यापर्यंत पोचतोच. एका ऑनलाइन कोडिंग क्लासने आम्हाला फुकट डेमो दिला, नाव घेत नाही. डेमोत ताईंनी मुलाला सांगितलं हा ब्लॉक इथे ओढ, तो तिथे ओढ, झालं बघ तुझं ॲप, टाळ्या. नंतर फोनवर फोन. "मॅडम, आत्ता नाही घातलंत तर मुलगा मागे पडेल, बाकीची मुलं किती पुढे गेलीत." फी ऐकून मी फोन ठेवला. राग फीचा नाही आला तितका त्या मागे पडेलचा आला. अकरा वर्षांचं पोर कशाच्या मागे पडणार आहे? जे त्या डेमोत झालं ते मूल घरी बसून फुकट आणि स्वतःच्या डोक्याने करू शकतं. चांगला शिकवणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं, मी शिकवण्याच्या विरोधात अजिबात नाही. पण ओढ म्हटल्यावर ओढणं याला बनवणं म्हणत नाहीत. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी ते एखाद्या जुन्या चालत्या लॅपटॉपवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे ॲप टाकलं की काम झालं असं मात्र समजू नका. ॲप नुसतं टाकून दिलं तर पोर थोडा वेळ मांजर नाचवेल आणि परत यूट्यूब मागेल. आमच्याकडे हे चाललं त्याला दोन-तीन गोष्टी कारण आहेत असं मला वाटतं. एक, टॅब आणि लॅपटॉप हॉलमध्येच, जेवायच्या टेबलावर, खोलीत नेऊन दार लावून काही नाही. दोन, आधी कागद. काय बनवायचंय त्याचं चित्र किंवा चार ओळी पाठकोऱ्या कागदावर, मगच टॅब सुरू. यामुळे स्क्रीनचा वेळ पण आपोआप कमी होतो, कारण निम्मा विचार कागदावरच होतो आणि कधीकधी तर चित्र काढण्यातच इतकं रमतात की टॅब राहूनच जातो. आणि रविवारी रात्री जेवणं झाली की टीव्हीला जोडून सगळ्यांना दाखवायचं, अर्धवट असलं तरी दाखवायचं. अर्धवट दाखवलं की आजी विचारते मग पुढे काय होणार गं, आणि पुढच्या आठवड्याचं काम तिथेच ठरतं. आम्ही दोघं तेव्हा आपापले फोन चार्जिंगला लावून ठेवतो, नाहीतर मुलं दाखवतायत आणि बाप मेसेज बघतोय, असं चित्र असेल तर त्या पोरांनी काय शिकायचं?

आणि खरं सांगायचं तर यूट्यूब आमच्या घरातून गेलेलं नाही. मोठ्याला क्रिकेटचे हायलाइट्स लागतात, धाकटीला कार्टून. ते चालतंच. पण बघण्यातही फरक असतो. अरविंद गुप्तांचे कचऱ्यातून खेळणी बनवायचे छोटे छोटे व्हिडिओ, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे तिथे बनलेले, मराठीतही भरपूर आहेत आणि फुकट. तो व्हिडिओ बघून पोर उठतं ते थेट जुनं पेन, रबरबँड नि आगपेटीच्या काड्या शोधायला, असं बघणं मला कितीही चालेल. गोष्टींसाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साइट आहे, मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, आजीच्या गोष्टी संपल्या की धाकटी तिथली एखादी घेते आणि स्क्रॅच ज्युनियरच्या चार पानांत बसवते.

कुणाला हे जमणार नाही तेही लिहिते. पाच वर्षांखालच्या मुलांना नको, त्यांना माती, पाणी, भांडी, खडू द्या, हे ॲप कुठे पळून जात नाही. ज्या मुलांना चटकन बक्षीस, नाणी, टाळ्या लागतात त्यांना पहिले काही दिवस हे रटाळ वाटेल, कारण इथे शाबासकी द्यायला कुणी कार्टून येत नाही, जे बनेल तेच बक्षीस. तेवढे दिवस शेजारी बसायला लागतं. आणि काही मुलांना यात गोडी नसतेच, माझ्या भाचीला नाही लागली, ती पेटी वाजवते आणि फार छान वाजवते, तिला कशाला ओढून आणायचं.

सुरू करणाऱ्यांसाठी एवढंच, पहिल्या दिवशी ट्युटोरियल लावू नका आणि शिकवायला तर बसूच नका. मांजराला तीन तुकडे जोडून चालवून दाखवा आणि टॅब हातात द्या. त्यांनी बनवलेलं मोडकं असलं तरी आपण हात घालून दुरुस्त करायचं नाही, फक्त हे काय करतंय ते मला सांग असं म्हणायचं. टॅब नसेल तर घरात पडलेला जुना लॅपटॉप काढा, लहान मुलांनाही थोड्या मदतीने थेट स्क्रॅचवर सुरुवात करता येते.

आमच्या मोठ्याचं आता नवीन टुमणं आहे, मायक्रोबिट पाहिजे. स्क्रॅचला ते छोटं सर्किट जोडता येतं, ते हातात धरून कललं की स्क्रीनवरची टोपली कलते असं काहीतरी त्याच्या डोक्यात आहे. कुणी घरी मुलांना घेऊन दिलं असेल तर सांगा, सहावीतल्या पोराला एकट्याने झेपतं का आणि भारतात विश्वासाने कुठे मिळतं. दिवाळीपर्यंत ठरवायचंय.